घरातला विडी-सिगारेटचा धूर बाहेर कसा काढावा: गोव्यातल्या घरांसाठी

घरात एकजण सिगारेट ओढतो आणि त्याच घरात तान्हे मूल आहे, आईला दमा आहे किंवा सून गरोदर आहे, अशा घरांसाठी हा लेख. ओढणाऱ्याने सोडली तर त्याहून चांगले काही नाही. पण सुटेपर्यंतचे महिने, कधी कधी वर्षे, बाकीच्यांना त्याच छपराखाली श्वास घ्यायचा असतो. त्या काळात काय करता येते, ते कोणत्या क्रमाने करावे आणि कुठे पैसे घालू नयेत, हे इथे सांगते.

बहुतेक घरांत सुरुवात उलट्या टोकाने होते. आधी एअर प्युरिफायर येतो, तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसतो आणि महिन्याभराने वास तसाच आहे म्हणून सगळे निराश होतात. धूर हवेबरोबर चालतो. तुमच्या घरात हवा कुठून येते आणि कुठून जाते हे एकदा कळले की बरेचसे काम एक खुर्ची हलवून आणि एक दार लावून होते. यंत्राचा नंबर त्यानंतर.

धुरात नेमके काय असते

खोलीत साचणारा बहुतेक धूर ओढणाऱ्याच्या तोंडातून येतच नाही. तो येतो सिगारेटच्या जळत्या टोकातून. त्यामुळे खिडकीकडे तोंड करून धूर बाहेर सोडला तरी हातातली सिगारेट आतच जळत राहते आणि खोली भरत राहते.

या धुराचे तीन भाग ध्यानात ठेवा, कारण तिघांचे उपाय वेगळे आहेत. पहिला भाग कणांचा. हे कण बहुतेक एका मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक असतात, तासन्‌तास तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. दुसरा भाग वायूंचा: कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझीन, निकोटिनची वाफ आणि असे कितीतरी. तिसरा भाग हवेतून उतरून भिंतीवर, पडद्यावर, गादीवर बसतो आणि दिवसेंदिवस पुन्हा हवेत येत राहतो. रांगणारे मूल त्याच फरशीवर हात टेकते आणि तेच हात तोंडात घालते.

आता थोडे गणित, कारण पुढचा सगळा क्रम त्यावर उभा आहे. एका सिगारेटमधून सुमारे १० मिलिग्रॅम बारीक कण बाहेर पडतात असे धरा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. दारे-खिडक्या बंद असतील तर एक सिगारेट संपेपर्यंत कणांचे प्रमाण दर घनमीटरला ३५० मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते. भारताच्या मानकांत पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, चोवीस तासांची सरासरी मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ वर आणली.

याच खोलीत ताशी ३०० घनमीटर हवा साफ करणारा चांगला प्युरिफायर पूर्ण वेगात लावला, तर सिगारेट दहा मिनिटांत संपताना आकडा १६५ च्या आसपास असतो. निम्म्याहून कमी झाला, हे खरे. पण शेजारी बसलेल्या नातवाने ती दहा मिनिटे तीच हवा घेतली. पुढच्या पाव तासात यंत्र बहुतेक कण ओढून घेते, वायू मात्र बरेचसे मागे राहतात. जळती सिगारेट आणि माणसे एकाच खोलीत असतील तर कोणतेही घरगुती यंत्र तिला वेळेवर गाठू शकत नाही. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांची ‘अ‍ॅश्रे’ ही संस्था, जिचा विषयच हवा खेळती ठेवणे आहे, तीही हेच सांगते: घरातल्या हवेतला हा धोका पूर्ण घालवायचा तर आत ओढणे बंद करणे एवढाच मार्ग आहे.

पहिली पायरी: ओढण्याची जागा छपराबाहेर न्या

२०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात सर्व राज्यांमध्ये गोव्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण सर्वांत कमी, ९.७ टक्के, आढळले. म्हणजे आपल्याकडे घरात ओढणारा बहुधा एखादाच असतो. एका माणसासाठी एक जागा ठरवणे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.

जागा निवडताना वारा पाहा. किनाऱ्याजवळच्या गावांत साधारण नोव्हेंबर ते मे या काळात दुपारपासून संध्याकाळपर्यंत समुद्राकडून, म्हणजे पश्चिम आणि वायव्येकडून, खारा वारा येतो. रात्री उशिरापासून सकाळपर्यंत तो उलटतो आणि जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. धूर घरावरून जाऊ नये म्हणून ओढणारा वाऱ्याच्या उतरत्या बाजूला असावा: दुपारी-संध्याकाळी घराच्या पूर्वेला, पहाटे पश्चिमेला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य आणि पश्चिमेचा, तेव्हा पूर्वेची किंवा ईशान्येची पडवी बरी. फोंडा, डिचोली, सत्तरीकडे डोंगर आणि कुळागरे वारा वळवतात, तिथे हा हिशोब जसाच्या तसा लागत नाही. दोरीवरचे कपडे दिवसभर कुठल्या बाजूला उडतात ते दोन-तीन दिवस पाहिले की कळते.

जुन्या गोंयकार घरात दोन जागा मात्र फसव्या आहेत. एक बल्काव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी. तिथले सोपे, म्हणजे बांधीव बाक, मुख्य दाराला लागूनच असतात आणि घराचे तोंड पश्चिमेला असेल तर संध्याकाळचा वारा सगळा धूर उचलून सरळ वसरीत आणतो. दुसरी जागा राजांगण, म्हणजे घराच्या मधला चौक. वर आभाळ दिसते म्हणून ते बाहेरचे वाटते, पण चारही बाजूंच्या खोल्यांची दारे त्यात उघडतात. राजांगणात ओढलेली विडी माजघरापासून देवघरापर्यंत पोहोचते. माडीच्या खिडकीत उभे राहून ओढणेही असेच, धूर कौलांखाली अडकतो आणि हळूहळू खाली उतरतो.

मोकळ्या हवेत ओढणाऱ्यापासून दोन मीटर दूर गेले की धूर खूप विरतो. पण उघड्या दाराजवळ हे अंतर पुरत नाही, कारण दार हवा आत खेचत असते. दारा-खिडक्यांपासून वीस-पंचवीस फूट तरी दूर बसावे. एवढी जागा नसेल तर निदान त्या बाजूचे दार आणि खिडक्या त्या वेळेपुरत्या लावून घ्याव्या. ओढून झाल्यावर लगेच आत येऊ नये. शेवटच्या झुरक्यानंतरही काही मिनिटे श्वासातून धुराचे अंश येत राहतात. दहा मिनिटे बाहेर थांबावे, हात-तोंड धुवावे, आणि बाळाला घ्यायचे असेल तर सदराही बदलावा.

जागा नुसती दाखवून चालत नाही. तिथे बसावेसे वाटले पाहिजे. पावसाळ्यात डोक्यावर पत्रा हवा, बसायला पाठीची खुर्ची हवी, संध्याकाळी दिवा हवा, डास असतील तर पंखा हवा, आणि थोटके टाकायला वाळू भरलेले डबडे हवे. एवढे केले की सत्तर वर्षांपुढचा माणूसही कुरकुर न करता तिथे जाऊन बसतो. “आबा, आत ओढू नका” यापेक्षा “आबा, मागच्या पडवीत तुमची खुर्ची मांडलीय, चहा तिकडेच आणून देते” हे जास्त वेळा ऐकले जाते. चवथीला घर पाहुण्यांनी भरते, रात्री पत्त्यांचा डाव बसतो आणि काका-मामा एकामागून एक पेटवतात. तेव्हा ऐन वेळी सांगणे अवघड जाते, म्हणून डाव बसण्याआधीच बाहेरच्या त्या जागी सतरंजी आणि दिवा टाकून ठेवावा. डाव जिथे बसतो तिथेच धूर राहतो.

घरातल्या माणसाला खरोखर सोडायची असेल तर केंद्र सरकारची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. नंबर फळीवर लावून ठेवा आणि विषय त्याच्याकडून निघेपर्यंत थांबा.

दुसरी पायरी: उदबत्तीने हवेची वाट शोधा

बाहेर बसूनही आत वास येत असेल, किंवा शेजारच्या फ्लॅटमधून येत असेल, तर धूर नेमका कुठून शिरतो हे शोधायला एक उदबत्ती पुरते. घरातले पंखे बंद करा. पेटलेली उदबत्ती मुख्य दाराच्या फटीजवळ खाली, मग वर धरा. मग न्हाणीघराच्या झरोक्याजवळ, स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, वायरी आणि पाइप भिंतीतून जातात त्या भोकांजवळ. धुराची रेघ आत वाकली तर तिथून हवा आत येते, बाहेर ओढली गेली तर बाहेर जाते.

हीच चाचणी सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा करा, कारण वारा उलटला की घरातली वाटही उलटते. आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघराची चिमणी चालू ठेवून करा. ही तिसरी चाचणी फार महत्त्वाची आहे. बाहेर नळी काढलेली चिमणी ताशी हजार घनमीटरच्या आसपास हवा बाहेर फेकते आणि तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. खिडक्या बंद असतील तर ती जिन्यातून, न्हाणीघराच्या डक्टमधून, नाहीतर ओढणाऱ्याच्या खोलीतून येते. “संध्याकाळी सात वाजताच कसा वास येतो” याचे उत्तर बऱ्याच घरांत पोळ्यांच्या वेळी लावलेल्या चिमणीत सापडते. उपाय सोपा: चिमणी लावताना स्वच्छ बाजूची एक खिडकी उघडा. नळी नसलेली, आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी काहीच बाहेर टाकत नाही, ती या कामाची नाही.

उदबत्ती चाचणीपुरतीच. वास झाकायला धूप, उदबत्ती किंवा डासांची कॉइल लावू नका. त्यांच्यातूनही तसेच बारीक कण येतात आणि डासांची एक कॉइल कित्येक सिगारेटींएवढे कण सोडते.

तिसरी पायरी: बाहेर जाणे अशक्य असेल तर एक खोली वेगळी काढा

काही घरांत ओढणारा अंथरुणाला खिळलेला असतो, किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत गॅलरीच नसते. तेव्हा धूर एका खोलीत कोंडायचा आणि तिथूनच बाहेर फेकायचा. मोठ्या हॉटेलांतल्या धूम्रपान कक्षांना नियम लागतात ते याच तत्त्वाचे: पूर्ण उंचीच्या चार भिंती, आपोआप मिटणारे दार, आत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी, आणि आतली हवा थेट इमारतीबाहेर. घरात हे एका एक्झॉस्ट फॅनने जमते.

खोली अशी निवडा की तिला बाहेरच्या बाजूला खिडकी आहे आणि ती घराच्या टोकाला आहे. खिडकीच्या वरच्या भागात, ओढणाऱ्याच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ, पंखा बसवा. काचेचे एक तावदान काढून त्या मापाचा प्लायवूड लावला आणि त्यात भोक पाडले की सुताराचे तासाभराचे काम. बाजूच्या फटी सिलिकॉनने बुजवा. समुद्राजवळ लोखंडी पंखा वर्षभरात गंजतो, प्लास्टिकच्या पात्यांचा आणि चौकटीचा घ्या. पंखा किती हवा फेकतो तो आकडा खोक्यावर ताशी घनमीटरमध्ये दिलेला असतो, नुसत्या इंचांवर जाऊ नका. वरच्या गणितातल्या दहा बाय दहाच्या खोलीला ताशी ३०० मिळाले तर दर सहा मिनिटांनी खोलीभर हवा बदलते.

एकदा हवा बदलली म्हणजे धूर संपला असे होत नाही, कारण नवी हवा जुन्यात मिसळत जाते. एका बदलानंतर सुमारे ३७ टक्के उरतो, तीन बदलांनंतर ५ टक्के. म्हणून शेवटची सिगारेट विझल्यावर पंखा आणखी वीस मिनिटे चालू ठेवायचा. ओढायला सुरुवात करण्याआधी तो चालू करायचा, नंतर नव्हे.

खोलीचे दार बंद असावे, पण दाराखाली बोटभर फट हवी. पंख्याला लागणारी हवा त्या फटीतून घरातून खोलीत यावी, खोलीतून घरात कधीच नाही. उदबत्ती दाराखाली धरा; रेघ खोलीच्या आत वाकली तर बरोबर बसले. दारे धडाधड उघडझाप केली की धुराचा एक गोळा घरात येतोच, तेवढा टाळता येत नाही. छताचा पंखा बंद ठेवा, तो धूर ढवळतो आणि दाराकडे ढकलतो. खोलीत दुसरी खिडकी असेल तर वाऱ्याच्या बाजूची बंद ठेवा, नाहीतर वारा आत शिरून धूर दाराखालून घरात लोटेल.

दोन धोके. शेजारच्या न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल किंवा चूल पेटलेली असेल तर बंद घरात जोरदार एक्झॉस्ट लावू नका. त्यांचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड उलट घरात ओढला जाऊ शकतो. आणि आजारी माणसाला ऑक्सिजन लावलेला असेल, सिलिंडर असो की कॉन्सन्ट्रेटर, तर त्या खोलीत सिगारेट पेटवायची नाही. कपडे आणि अंथरूण क्षणात पेट घेतात. इथे पंखा, खिडकी कशाचाही उपयोग नाही.

न्हाणीघरात जाऊन ओढणाऱ्यांनाही हेच लागू: पंखा चालू, दार बंद, बाहेर आल्यावरही वीस मिनिटे पंखा चालू. मात्र तो पंखा इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये उघडत असेल तर धूर वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी न्हाणीघरात जातो. तिथे ओढू नये.

चौथी पायरी: आता प्युरिफायर

वरच्या पायऱ्या झाल्यावर जो थोडा धूर झिरपतो, त्याच्यासाठी प्युरिफायर चांगले काम करतो. तो ओढणाऱ्याच्या खोलीत ठेवण्यापेक्षा ज्याला जपायचे आहे त्याच्या झोपायच्या खोलीत ठेवा.

विकत घेताना ‘सीएडीआर’ हा एकच आकडा आधी विचारा, म्हणजे ताशी किती घनमीटर साफ हवा मिळते. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि त्याला निदान पाचने गुणा. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते, तिला १७० हवेत. धुरासाठी मी त्याच्या दुप्पट घ्या म्हणेन. छापलेला आकडा सर्वांत वरच्या वेगाचा असतो, रात्री आवाज होतो म्हणून यंत्र खालच्या वेगावर ठेवतात आणि साफ हवा निम्म्याहूनही खाली येते. जुन्या घरांत छत चौदा-पंधरा फुटांवर असते, तिथे ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ ही जाहिरात फसवते. घनमीटरच मोजा.

आत दोन गाळण्या हव्यात. हेपा गाळणी कणांसाठी, ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडते, आणि ‘हेपासारखी’ असे लिहिलेली गाळणी म्हणजे हेपा नव्हे. वायू आणि वास मात्र हेपामधून आरपार जातात. त्यांच्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तो किती वजनाचा आहे हे दुकानदाराला विचारा. काळ्या जाळीवर भुरभुरलेला कोळसा धुराच्या घरात थोड्या दिवसांत भरतो. दाणेदार कोळसा काही शे ग्रॅम तरी हवा. कोळसा कार्बन मोनॉक्साइड धरत नाही, त्याला फक्त ताजी हवाच घालवते.

गोव्यात एक अडचण जास्तीची. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता महिनोन्‌महिने खूप वर असते आणि कोळशाच्या छिद्रांत धुराच्या वायूंऐवजी पाणी जाऊन बसते. तो भरला की यंत्रातूनच शिळ्या सिगारेटचा वास येऊ लागतो. म्हणून कोळशाची गाळणी पाऊस संपल्यावर बदलायची असा नेम ठेवा, बंद खोलीत डिह्युमिडिफायर किंवा एसीचा ड्राय मोड चालवता आला तर चालवा. हेपा गाळणी धुऊ नका. ती तपकिरी झाली आणि हवेचा जोर कमी झाला की बदलायचीच. बऱ्याच यंत्रांवर कणांचा आकडा दिसतो, पण दमट हवेत हे सेन्सर पाण्याच्या बारीक थेंबांनाही कण समजून आकडा वाढवतात, आणि वायू तर त्यांना दिसतच नाहीत. आकडा ५ आहे आणि खोलीला वास आहे, तर नाकावर विश्वास ठेवा.

यंत्र भिंतीला चिकटवून, सोफ्यामागे ठेवू नका. चालू असताना दारे-खिडक्या बंद. बाहेर छान खारा वारा सुटला असेल तर उलट करा: यंत्र बंद, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. कोकणच्या हवेत वर्षातले कित्येक तास हा फुकटचा उपाय यंत्रापेक्षा सरस असतो.

पैसे कुठे घालू नयेत

ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नका. ओझोन स्वतः फुप्फुसाला घातक आहे आणि भिंतीवरच्या निकोटिनशी त्याची क्रिया होऊन नवी अपायकारक द्रव्ये तयार होतात. आयोनायझरचे बटण असेल तर बंद ठेवा. सुगंधी फवारे वास झाकतात, धूर तिथेच राहतो. मनी प्लांट आणि सापासारख्या पानांची झाडे घराला शोभा देतात, पण खोलीतला धूर शोषायला त्यांचे जंगलच लावावे लागेल.

एसीबद्दलचा गैरसमज मोठा आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. त्याची जाळी धूळ अडवते, धूर नाही. एसी लावून, दारे बंद करून ओढणे म्हणजे धूर साचवायची सर्वांत वाईट पद्धत, आणि त्याचा राप आतल्या कॉइलवर बसतो.

पाचवी पायरी: बसलेला धूर धुऊन काढा

ओढणे बाहेर गेल्यावर हे काम हाती घ्या, आधी केले तर वाया जाईल. ऑक्टोबरनंतरचे कोरडे उन्हाचे दिवस निवडा.

कापड आधी. पडदे, उशांचे अभ्रे, सोफ्याची कव्हरे धुवा, शक्य तर गरम पाण्यात, दोनदा. कापसाच्या गाद्या दोन-तीन दिवस कडक उन्हात उलटसुलट टाका. फार जुनी गादी असेल तर पिंजून घेण्यापेक्षा नवी करा. मग पंख्याची पाती, ट्यूबलाइट, स्विचबोर्ड, कपाटांचे माथे. तिथे चिकट पिवळा थर दिसेल, तोच निकोटिनचा राप. स्विचबोर्डला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.

तैलरंगाच्या किंवा इमल्शनच्या भिंती कोमट पाणी आणि साबणाने खालून वर पुसत जा, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. पाणी पिवळे झाले की बदला. साबणाने न निघणाऱ्या थरासाठी पाण्यात थोडा व्हिनेगर चालतो, पण आपल्याकडे एक जपायचे: चुन्याची भिंत, संगमरवर, सिमेंटच्या जुन्या नक्षीदार लाद्या आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असते आणि आम्ल ते खाते. शंभर वर्षांची शिंपल्यांची खिडकी एका दुपारी खराब होईल. तिथे ओल्या मऊ फडक्याने पुसणेच बरे. ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल, कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

नवा रंग द्यायचा असेल तर धुतल्यावर डाग अडवणारा प्रायमर आधी लावा. तो न लावता वर डिस्टेंपर फासला तर एका पावसात पिवळे ओघळ वर येतात.

शेजारच्या फ्लॅटमधून येत असेल तर

पर्वरी, वास्को, मडगावच्या इमारतींत ही तक्रार नेहमीची. उदबत्तीने सापडलेल्या फटी बुजवा: पाइपांभोवती सिलिकॉन, मुख्य दाराला खाली रबरी पट्टी, न्हाणीघराच्या पंख्याला पंखा बंद असताना मिटणारी झडप. त्यानंतर एक उलटा उपाय करून पाहा. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीत पंखा हवा आत ढकलेल असा लावा. घरात हवेचा दाब किंचित वाढतो आणि फटींतून हवा बाहेर जाते, शेजाऱ्यांचा धूर आत येत नाही. अशा घरात एक्झॉस्ट लावणे मात्र नुकसानीचे, तो धूर ओढूनच आणतो. शेजाऱ्यांशी बोलताना “तुमचा वास येतो” ऐवजी “सकाळी सातला आमच्या बाळाच्या खोलीत धूर येतो, खिडकी पाहायला येता का?” असे ठरावीक वेळ आणि जागा धरून बोला.

खोल्या भाड्याने देत असाल तर

केंद्राच्या २००३ च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि दंड २०० रुपयांपर्यंत आहे. गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता. वेगळा धूम्रपान कक्ष ठेवायची सवलत फक्त तीस किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना, तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटना आणि विमानतळांना आहे. चार खोल्यांच्या होमस्टेला ती लागू नाही. खोलीच्या किल्लीबरोबरच पाहुण्याला बाहेरची जागा दाखवा, राखदाणी तिथेच ठेवा, खोलीत नको. गॅलरीत राखदाणी दिसली की पाहुणा गॅलरीचे दार उघडे ठेवून, आत एसी लावून ओढतो.

खोलीत कुणी ओढून गेले असेल तर दुसऱ्या पाहुण्याला देण्याआधी समोरासमोर खिडक्या उघडून पंखा लावा, पडदे आणि चादरी बदला, एसीची जाळी धुवा. मग रात्रभर दार-खिडक्या बंद ठेवा. सकाळी बाहेरून आलेल्या, न ओढणाऱ्या माणसाला आधी आत पाठवा आणि पहिल्या दोन श्वासांत काय वाटते ते विचारा; घरातल्यांचे नाक वासाला सरावलेले असते. वास आला तर तो बहुधा दोन ठिकाणी असतो: एसीच्या कॉइलमध्ये, तिथे सर्व्हिसवाल्याकडून पाण्याच्या जोराने धुऊन घ्यावे लागते, किंवा गादीत. गादी अंगणात उन्हात नेऊन हुंगून पाहिली की लगेच कळते.